पुस्तकात चूक छापलीय, मॅडम

गेल्या वर्षी जुलैमधली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, खिडकीजवळच्या दोन बाकांवर शिंतोडे येत होते म्हणून ती पोरं मागं सरकून बसलेली, आणि मी नववीच्या वर्गाला शंकर पाटलांची एक कथा मोठ्यानं वाचायला दिली होती. सिलॅबसमधली नव्हे, शाळेच्या लायब्ररीतली. शंकर पाटील पट्टणकोडोलीचे, म्हणजे आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातले, आणि त्यांची माणसं जसं बोलतात तसंच आमच्या शाळेतल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या घरात बोलतात. मला वाटलं होतं पोरं खूश होतील. चिखली गावची एक मुलगी उठली आणि वाचायला लागली, आवाज स्पष्ट, कुठं अडखळणं नाही, पण माझ्या हातात दुसरी प्रत होती आणि दोनतीन ओळींतच लक्षात आलं की ती छापलेलं वाचतच नाहीय. 'हाय' आलं की 'आहे' म्हणतीय, 'न्हाई' आलं की 'नाही'. न थांबता, जागच्या जागी बदलून. मी तिला थांबवलं, म्हटलं बाळा जे लिहिलंय तेच वाच. तिनं पुस्तकाकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं आणि अगदी काळजीनं म्हणाली, "मॅडम, पुस्तकात चूक छापलीय."

वर्गात कुणीच हसलं नाही. म्हणजे सगळ्यांनाच ते पटलेलं होतं. ज्या पोरीची आई सकाळी तिला "डबा घेतलाईस न्हवं?" म्हणून विचारते त्या पोरीला आईचं बोलणं छापलेलं दिसलं तर ती छपाईची चूक वाटते, हे मला फार लागलं. कारण ते तिला शिकवलं कुणी? आम्हीच. मी एकोणीस वर्षं मराठी शिकवते, लाल पेन माझ्याच हातात होता.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी कागल तालुक्यातली. आमच्याकडं बायका सुद्धा 'मी येतो', 'मी जातो', 'मी आलो' असंच म्हणतात, बाहेरच्या लोकांना नवल वाटतं पण कोल्हापुरात आजी, आई, मावशी सगळ्या असंच बोलतात आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. बी.एड.ला असताना माझ्या पहिल्याच सराव पाठाला मी फळ्याजवळ जाताना "मी उदाहरण लिहितो" म्हणाले आणि पाठ बघायला आलेल्या सरांनी निरीक्षणवहीत लिहिलं, 'लिंगदोष'. एकच शब्द. त्या दिवसापासून मी शाळेच्या गेटच्या आत 'मी सांगते' आणि घराच्या उंबऱ्याच्या आत 'मी सांगतो' असं जगत आले. इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याचा कधी विचारच केला नाही, त्या पोरीनं तो करायला लावला.

त्याच जूनमध्ये आमच्या शाळेला देणगीतनं मोठा टच पॅनल मिळाला होता, भिंतीवर बसवायचा. आमची शाळा पंचगंगेच्या पलीकडं, २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात तळमजल्यात पाणी होतं, लायब्ररीच्या कपाटांचे खालचे दोन कप्पे गेले, त्यानंतर २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, म्हणून पॅनल वरच्या मजल्यावर बसवला. मी पण हौसेनं शिकून घेतलं. पीपीटी केल्या, कवितेमागं फोटो लावले, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून 'दीक्षा' या सरकारी शिक्षण ॲपवरचे व्हिडिओ दाखवले. पोरं बघायची. शांत बसायची, मुख्याध्यापकांना वर्ग शांत दिसला की बरं वाटतं. पण तास संपल्यावर मी विचारलं की कवितेतली बाई नक्की कशामुळं रडते, तर उत्तर यायचं, "मॅडम, ते स्लाइडवर नव्हतं." चार आठवडे मी हे केलं आणि मला प्रामाणिकपणे वाटतं की त्या चार आठवड्यांत पोरं मराठीपासनं थोडी लांबच गेली. पडदा मोठा झाला तशी पोरं नुसती बघणारी झाली.

मग एक दिवस, 'चूक छापलीय' च्या नंतरच्याच आठवड्यात, मी पॅनलवर बोलून टाइप करायचं चालू केलं. माइकचं चिन्ह दाबायचं, मराठीत बोलायचं, अक्षरं उमटतात. सगळ्यांनी रांग लावली. पहिल्यांदा सगळे पुस्तकी बोलले, "मी शाळेत जात आहे", पॅनलनं एकही चूक न करता लिहिलं. मग मागच्या बाकावरचा एक पोरगा आला आणि म्हणाला, "काय करालैस?", म्हणजे काय करतोयस. पॅनलनं लिहिलं, 'काय कराल'. तो परत म्हणाला, जरा मोठ्यानं. परत 'काय कराल'. दुसरा म्हणाला, "मी रानात गेलतो", म्हणजे गेलो होतो, तर आलं 'मी रानात गेलो तो'. आता पोरं हसली, पण हे हसणं वेगळं होतं, आपल्या बाजूचं होतं. आणि कुणीतरी म्हणालं, "मॅडम, ह्याला आपलं बोलणं येत न्हाई."

बघा, दोन आठवड्यांच्या आत एक पोरगी म्हणाली पुस्तक चुकलंय आणि दुसरा म्हणाला मशीनला येत नाही. दोन्ही वेळेला बोलणं तेच होतं. मी तिथंच खडू घेतला आणि फळ्यावर (साध्या फळ्यावर) समजावून सांगितलं की हे मशीन ऐकतं म्हणजे काय करतं. त्याला आधी लाखो वाक्यं दिलेली असतात, आवाज आला की तो त्या वाक्यांमधल्या कशाच्या सगळ्यात जवळ जातो ते मशीन धरतं. त्यात वर्तमानपत्रं, पुस्तकं, वेबसाइटी जास्त, आपल्या चुलीपुढचं बोलणं कमी किंवा नाहीच. म्हणजे मशीननं तेच केलं जे चिखलीच्या पोरीनं केलं, ऐकलेलं बदलून ओळखीचं लिहिलं. ती पोरगी पहिल्या बाकावर बसते, तिनं मान वर केली. "मग त्याला द्यायचं की आपलं बोलणं," ती म्हणाली.

तिथनं हे काम सुरू झालं. त्या मशीनला शिकवणं काही आमच्या हातात नव्हतं, पण आपलं बोलणं गोळा करून नीट लिहून ठेवणं हातात होतं. ठरलं असं की प्रत्येकानं घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाचं, ज्याला एखादं काम चांगलं येतं, पाच मिनिटं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, आणि मग त्यातले पुस्तकात न भेटणारे शब्द काढायचे. आणि त्यातली निदान दोन मिनिटं शब्दाला शब्द कागदावर उतरवायची.

ऐकायला सोपं वाटतं. पहिली अडचण मोबाईलची. वर्गात ४६ पोरं, त्यातल्या बऱ्याच घरांत एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर. लॉकडाऊनच्या दोन वर्षांत हे आम्ही पोटभर बघितलं होतं, एका फोनवर तीन भावंडं आणि नेटपॅक संपला की तिघांचीही शाळा बंद. मला त्या काळात सारखं शाहू महाराजांचं आठवायचं, १९१७ ला त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. शिक्षण पोरापर्यंत पोचवायची जबाबदारी राज्याची आणि समाजाची, असं ते सरळ होतं. आता ऑनलाइन म्हटलं की फोन, चार्जिंग, रेंज सगळं पालकानं बघायचं, आणि नाही जमलं तर पोरगं मागं. हे बरोबर नाही आणि मी ते मीटिंगमध्ये पण बोलले. तर आम्ही मार्ग काढला, शाळेचा एक जुना फोन आणि माझा जुना फोन, दोन्ही आळीपाळीनं पोरांच्या घरी जायचे, एका वहीत नोंद, दुसऱ्या दिवशी परत. नेट लागतच नाही, साधा रेकॉर्डर.

दुसरी अडचण परवानगीची. काही घरांतनं निरोप आला की आमच्या म्हातारीचा आवाज कुठं नेटवर टाकणार हाय काय? विचारणं बरोबरच होतं. म्हणून छापील कागद केला, आवाज शाळेबाहेर जाणार नाही, माणसाचं नाव लिहायचं नाही, फक्त गाव आणि काम, आणि नको वाटलं तर पुसून टाकायचं. तिघांनी पुसायला सांगितलं, पुसलं.

आणि मग आवाज यायला लागले. कापशी पायतान करणाऱ्याचा, दूध घालणाऱ्या बाईचा, ट्रॅक्टरवाल्याचा, विटभट्टीवरच्याचा, एका आजीनं भाताची रोप लावण सांगताना मधेच गाणंच म्हटलं. पायतानवाल्यांचं ऐकून पोरांना कळलं की चपलेला 'कान' असतात आणि कापशी, कुरुंदवाडी ही गावांवरनं पडलेली नावं आहेत. एका तासात मी फक्त हे आवाज लावून बसले, पॅनलचा स्पीकर चांगला आहे, पहिल्यांदाच तो पैसे वसूल वाटला. पडदा काळा ठेवला होता मुद्दाम.

शब्द आम्ही गूगल फॉर्ममधनं शीटमध्ये भरत गेलो, आणि इथं एक गंमत झाली जी खरं तर व्याकरणाचा अख्खा धडा होती. आठ पोरांनी 'गुऱ्हाळ' शब्द भरला होता पण शीटमध्ये शोधलं की पाचच सापडायचे. एक दुपार घालवल्यावर कळलं की तिघांनी 'गुर्हाळ' टाइप केलंय, म्हणजे ह च्या डोक्यावर रफार. मराठीत आपल्याला हा अर्धा चंद्रासारखा र लागतो, ऱ्ह आणि ऱ्य लिहायला, गुऱ्हाळ, तऱ्हा, दऱ्या, सुऱ्या. तो रफार नव्हे, उच्चारच वेगळा. 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' मधला फरक म्हणजे गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा. की-बोर्डवर त्यासाठी नुक्तावाला ऱ शोधावा लागतो आणि बऱ्याच पोरांना तो कुठंय हेच माहीत नसतं, म्हणून रफार देऊन मोकळी होतात. मी इतकी वर्षं हे फळ्यावर शिकवलं आणि पोरांनी जांभया दिल्या. पण मशीनला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि आपलं गुऱ्हाळ सापडत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी त्याच संध्याकाळी की-बोर्डमधला ऱ शोधून काढला.

'करालैस' चं मात्र आजही ठरलेलं नाही. शीटमध्ये पाच तऱ्हेनं लिहिलंय, करालैस, करायलैस, करालाईस, करलैस, करालयस. कुणाचं बरोबर यावर एक तास भांडण. मी कौल घेतला नाही, पाचही ठेवले, कारण रेकॉर्डिंग ऐकलं तर वडणगे आणि शिये या दोन गावांचं बोलणं खरंच थोडं वेगळं ऐकू येतं.

डिसेंबरमध्ये आम्ही गुऱ्हाळावर गेलो. शाळेपासनं चालत अर्धा तास. कोल्हापूरचा गूळ सगळ्यांना माहीत आहे, २०१४ ला त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठीच, हे मी जाताना सांगितलं, पण माझ्या पोरांपैकी निम्म्यांनी गुऱ्हाळ आतनं बघितलेलं नव्हतं, आता गुऱ्हाळं पण दरवर्षी कमी होत चाललीत. तिथले गुळवे मामा, म्हणजे गूळ करणारे, साठीचे. चुलवणात चिपाडं घालणारा एक, रस ढवळणारे दोन, आणि मामा काहिलीच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईच्या, कडेला उभे, एक शब्द न बोलता फेसाकडं बघत. आमचे सायन्सचे सर हौसेनं मोठा थर्मामीटर घेऊन आले होते. मामांनी रस घट्ट होत आल्यावर पळीनं थेंब काढून गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली आणि म्हणाले, "उतरा." सरांनी बघितलं तर ११८ अंशाच्या जवळ. पुढच्या आदणाला, म्हणजे पुढच्या काहिलीभर रसाला, परत तसंच. तिसऱ्याला परत. मामांना ११८ माहीत नाही, सरांना ती गोळी माहीत नव्हती. पोरं दोघांकडं आळीपाळीनं बघत होती आणि एका पोरीनं विचारलं, "मामा, तुमाला कसं कळतं?" मामा म्हणाले, "फेस सांगतोय की."

हे वाक्य पाच जणांच्या वहीत आहे. मी सांगितलं नव्हतं लिहायला.

आणि तिथंच 'रवा' भेटला. मामा म्हणाले आज एवढे रवे निघतील, तर शहरातनं येणारी दोन पोरं गोंधळली, गुळात रवा कशाला? तिथं रवा म्हणजे तीस किलोची ढेप, मार्केट यार्डात सौदा निघतो तो रव्यांचाच. शाळेत येऊन एकानं फोनला विचारलं रवा म्हणजे काय, तर उत्तर आलं शिऱ्याचं, आणि शिऱ्याची रेसिपी पण आली. मग आम्ही शब्दकोश काढले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर अख्खा शोधता येतो, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पण तिथंच आहे. ढेप, घाणा, काकवी सापडले. पोरांना याचंच अप्रूप की पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका गोऱ्या साहेबानं माणसं हाताशी धरून आपल्या घाण्याचं नाव लिहून घेतलं. "म्हंजे त्यो बी आमच्यासारखंच करत हुता," एक जण म्हणाला. व्हय, तेच करत होता. तरी मी पोरांना एका शनिवारी भवानी मंडपाच्या बाजूला करवीर नगर वाचन मंदिरात घेऊन गेले, १८५० सालची संस्था आहे, जाड कोश हातात धरून पानं उलटली की एका शब्दाच्या शेजारी दुसरा कसा बसतो ते कळतं, सर्च करून ते कळत नाही.

आता त्या एका पोराबद्दल मला सविस्तर सांगायचंय, हे सगळं लिहायला बसले ते त्याच्यामुळंच.

नववीत होता आणि त्याला वाचता येत नव्हतं. म्हणजे अक्षरं यायची, पण जोडाक्षर आलं की थांबायचा, ओळ संपेपर्यंत ओळीचं डोकं विसरायचा. अशी पोरं दरवर्षी असतात, कोरोनानंतर जास्त, आणि ती फार हुशारीनं लपवतात. हा रोज पहाटे तालमीत जायचा, वर्गात डोळे मिटायचे. त्यानं आपल्या चुलत्यांना रेकॉर्ड केलं होतं, ते जुने पैलवान, आता पोरांना शिकवतात. चार मिनिटं. त्यात खासबागच्या मैदानातली एक कुस्ती, हौद्यातली तांबडी माती कशी करतात, त्यात तेल, हळद, ताक, लिंबू कसं मुरवतात, आणि कलाजंग डाव कसा लागतो ते. ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला, माणूस इतका रंगून बोलत होता.

मी त्याला म्हटलं, हे अख्खं लिहून काढ, दोनच मिनिटं नको. तो म्हणाला, मला न्हाई जमत. मी म्हटलं घाई नाही, रोज मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बस. फोनवर वेग निम्मा केला, कानाला इयरफोन. एक तुकडा ऐकायचा, थांबवायचं, लिहायचं, मागं न्यायचं, परत ऐकायचं, आणि लिहिलेलं वाचून आवाजाशी जुळतं का बघायचं. पहिल्या दिवशी तीन ओळी झाल्या. त्यातला 'वस्ताद' शब्द चार वेळा खोडला होता, कुठलं अक्षर अर्धं ते कळेना, मग त्यानं स्वतःच तोंडानं हळूहळू म्हणून बघितलं, वस्-ताद, आणि स अर्धा केला. मी काही बोलले नाही. हे त्याला सहावीपासनं कुणीतरी सांगितलेलं असणार, पण आज त्याला ते चुलत्याच्या आवाजात ऐकू आलं.

अकरा दिवस लागले चार मिनिटांना. सातव्या-आठव्या दिवसापासनं त्यानं वेग निम्म्याचा पाऊण केला, आपणहून. मला कुणी विचारलं वाचन सुधारायला काय करावं तर माझ्याकडं काही मोठी थिअरी नाही, पण एवढं मी डोळ्यांनी बघितलंय, त्याला वाचायला दिलेलं प्रत्येक वाक्य आजवर परक्या माणसाचं होतं, पुढं काय येणार याचा अंदाजच बांधता यायचा नाही. चुलत्याचं वाक्य त्याला अर्धं ऐकलं की पुढचं माहीत असायचं. आपण सगळे वाचतो ते तसंच, पुढचं ओळखत ओळखत. त्याला ते सुख पहिल्यांदा मिळालं. मग मी त्याला त्याच शंकर पाटलांच्या कथेचं पुस्तक दिलं. हळू वाचतो अजून, पण ओळीचं डोकं विसरत नाही.

परीक्षेचं काय, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारलं आणि पालकांनी पण. प्रश्न रास्त आहे, बोर्डाच्या पेपरात 'करालैस' लिहून चालत नाही आणि माझ्या पोरांचे मार्क जाऊन मला चालणार नाही. म्हणून वहीत दोन कॉलम केले, डावीकडं घरची ओळ, उजवीकडं पेपरची ओळ. 'त्यो आलाय न्हवं' आणि समोर 'तो आला आहे ना'. पोरं इकडनं तिकडं नेतात, तिकडनं इकडं आणतात. यानं व्याकरण जेवढं कळलं तेवढं माझ्या तक्त्यांनी कधी कळलं नव्हतं, कारण काय बदललं हे सांगायला क्रियापद, लिंग, वचन सगळं लागतंच. आणि साहित्य महामंडळाचे जे शुद्धलेखनाचे नियम आपण १९६२ पासनं मानतो, १९७२ ला त्यात चार आणखी आले, त्यातच सांगितलंय की पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणं लिहिलं तर चालतं. मी तो नियम वर्गात वाचून दाखवला. चिखलीच्या पोरीनं विचारलं, "मग तुम्ही आधी का न्हाई सांगितला?" मी म्हटलं, चुकलं माझं.

फेब्रुवारीत 'आम्ही पाहिलेले गुऱ्हाळ' असा निबंध दिला. सहा जणांचे निबंध एआयकडनं लिहून आले, ते लगेच कळतं, 'गुळाचा मंद सुगंध आसमंतात दरवळत होता' असं आमच्यात कुणी म्हणत नाही. मी रागावले नाही, मला खरंच बघायचं होतं. पॅनलवर एका बाजूला तो निबंध लावला, नाव झाकून, आणि दुसऱ्या बाजूला गुळवे मामांच्या रेकॉर्डिंगचा लिहून काढलेला मजकूर. पोरांना म्हटलं निबंधात जे खोटं वाटतंय त्यावर रेघ मारा. एक जण उठला आणि सुगंधावर रेघ मारली, म्हणाला, "तिथं धूर हुता मॅडम, डोळ्यात पाणी आलं." दुसऱ्यानं 'कष्टाळू शेतकरी' वर मारली, "ते मामा शेतकरी न्हवंत, गुळवे हाईत, रोजावर येत्यात." तिसरी म्हणाली याच्यात काहीलच नाही. मग एक पोरगा, ज्याचा निबंध होता तोच, पुढं आला आणि खाली मोकळ्या जागेत बोटानं लिहिलं, 'मामांच्या उजव्या हातावर भाजल्याचा मोठा डाग आहे.' हे मी पण बघितलं नव्हतं.

सहाही जणांनी निबंध परत लिहिले. भाषा ओबडधोबड, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ गेलेलं, पण प्रत्येक निबंधात निदान एक गोष्ट अशी होती जी फक्त तिथं उभं राहिलेल्यालाच माहीत असेल. मी एआयच्या विरोधात नाही, वर्गातल्या एका मुलीला डोळ्यांचा त्रास आहे, ती फोनकडनं धडे वाचून घेते आणि तिचे मार्क वाढलेत, त्याबद्दल मला आनंदच आहे. पण बघायला जायचं काम दुसऱ्याकडनं करून घेता येत नाही, ते ज्याचं त्यालाच करावं लागतं.

मार्चमध्ये शेवटच्या आठवड्यात शीटमध्ये ३८६ शब्द झाले. व्हरांड्यात आम्ही शब्दांचे तक्ते लावले, प्रत्येकाखाली क्यूआर कोड, स्कॅन केलं की फोन शाळेच्या कॉम्प्युटरवरचा आवाज वाजवतो, शाळेच्या वायफायवरच चालतं, बाहेर नाही, पालकांना शब्द दिला होता ना. गॅदरिंगला आलेल्या आजीबाईंनी नातवाच्या फोनवर स्वतःचा आवाज ऐकला आणि दोनदा परत लावायला सांगितला. जूनमध्ये पहिल्याच पावसानं निम्मे तक्ते गळाले, आता परत करायचेत, यावेळी लॅमिनेशन करून.

चिखलीच्या पोरीनं एप्रिलमध्ये ती कथा परत वाचली, मी सांगितलं नव्हतं, तिनंच मागितली. 'हाय' ला 'हाय' म्हणाली. मधे एका संवादाला थांबली आणि म्हणाली, "मॅडम, ह्यो माणूस आमच्या आज्यासारखा बोलतोय पण खोटं बोलालाय." आणि खरंच, कथेतला तो माणूस त्या वाक्यात खोटं बोलत असतो, लेखकानं कुठंही सांगितलेलं नाही, फक्त त्याच्या बोलण्याच्या ढंगावरनं कळतं. मला एवढ्या वर्षांत वर्गात कुणी हे दाखवलं नव्हतं. जुलैमधल्यासारखं तिनं सगळं 'आहे' करून वाचलं असतं तर तो ढंगच निघून गेला असता आणि ते खोटं तिला कधीच सापडलं नसतं.

तालमीतला पोरगा आता दहावीत आहे. परवा रात्री त्याचा फोन आला, आपला नवा फोन घेतलाय कामाला जाऊन सुट्टीत, तो सांगत होता की त्याची आज्जी आजऱ्याकडं असते, तिला मळणीची गाणी येतात, कुणी लिहून घेतलेली नाहीत, आणि ती आता थकलीय. "मी एकटा लिवून काढतो, पर काय शब्द मला बी कळायचं न्हाईत. रविवारी जालोय. तुमी येताय काय मॅडम?"

मी म्हटलं, "येतो की. सकाळी सातच्या गाडीला थांब स्टँडवर."